मागचं डावं चाक

चांगला सिलिंडर पिशवीत होता आणि वाईट सिलिंडर चाकात.

निरीक्षकबाईंनी हे वाक्य वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली आणि उताराच्या पायथ्याशी भिंतीत नाक खुपसून उभ्या असलेल्या निळ्या गाडीकडे पुन्हा एकदा पाहिलं. अपघातातल्या गाड्या तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात खोटं बोलणारी गाडी त्यांना एकही भेटली नव्हती. गाडीभोवतीची माणसं मात्र बहुतेक तशीच भेटली होती.

"मॅडम, सिलिंडर म्हणालात म्हणून मी मघापासून लांब उभा आहे," हवालदार म्हणाला.

"गॅसचा नव्हे हो, चाकातला. हा बघा, अंगठ्याएवढा. ब्रेक दाबला की याच्यात तेल येतं, आतल्या दोन रबरी वाट्या बाहेर सरकतात आणि ब्रेकचे शू ड्रमला आतून दाबले जातात. हा गळला की दाबत बसा."

"मग बाकीची तीन चाकं?"

"ती वाचतात नव्या गाड्यांत. या म्हातारीत चारही चाकांना मिळून एकच नळी. एक गळलं की चारही गेली."

"हँडब्रेक?"

"ओढलेला आहे. पण डावे शू तेलात न्हालेत. एकटं उजवं चाक या उतारावर काय करणार?"

घटना सकाळी साडेसातची. परदेशातून आणलेली, पंचेचाळीस वर्षांची ही गाडी उतारावरून ब्रेक न लागता खाली आली. वळणावर चावीवाल्याने नुकतं दुकान मांडलं होतं. दुकान म्हणजे एक स्टूल, एक कानस आणि तारेत ओवलेल्या दोनशे चाव्या. गाडी त्याला घासत भिंतीवर गेली. दुपारी रुग्णालयात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी चालवत होते मास्तर. तंत्रशाळेत तीस वर्षं मोजमाप शिकवून निवृत्त झालेले. बरगड्या मोडल्या, उजवा हात मोडला, जीव वाचला. आणि तीन आठवड्यांपूर्वी त्याच चाकाचं काम केलेल्या मिस्त्रीला पोलिसांनी गॅरेजमधून उचलून कोठडीत टाकलं होतं. शटरला सील. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा अहवाल न्यायालयात जायचा होता. त्यात 'कामात हलगर्जी' असं आलं असतं, तर मिस्त्रीला चावीवाल्याच्या पायाची शिक्षा भोगावी लागणार होती.

सगळ्यांना ते तसंच येणार असं वाटत होतं. चाकातला सिलिंडर आतून गंजाने खाल्लेला होता आणि बाहेरून चंदेरी रंगाने नवा केलेला. जुना माल रंगवून गळ्यात मारला, एवढं तर हवालदारालाही दिसत होतं.

बाईंना मात्र ती पिशवी नडत होती.

चालकाच्या शेजारच्या सीटखाली एक कापडी पिशवी सापडली होती. आत फडक्यात गुंडाळलेला दुसरा सिलिंडर. जुन्याच अंगात आतून पितळेची नवी नळी बसवलेली, आरशासारखी गुळगुळीत. सोबत लेथवाल्याची चिठ्ठी, तारीख कालची.

"ज्याच्याकडे चांगला पार्ट आहे, तो माणूस वाईट पार्टवर गाडी का चालवेल?" बाई म्हणाल्या.

"विसरला असेल."

"मास्तर? चहा गार व्हायला किती मिनिटं लागतात हे ज्याने लिहून ठेवलंय असं तुम्हीच मला सांगितलंत, तो?"

हवालदाराला तंत्रशाळेत मास्तरांनी दोनदा नापास केलं होतं. दोन्ही वेळा अर्ध्या मिलिमीटरने.

बाईंनी चाकातल्या सिलिंडरची रबरी वाटी चिमट्याने उचलली. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगून ती मधोमध फाटली होती. त्यांनी ती नाकाशी नेली. ब्रेकच्या तेलाचा वास होताच. त्याखाली अजून एक वास होता, पातळ, घरगुती. कुठेतरी रोजचा. आठवेना. त्यांनी वाटी डबीत ठेवली.

*

मिस्त्री कोठडीच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसला होता. काळे हात लोकांना दिसू नयेत म्हणून असेल.

"सिलिंडर कुठून आणलात?"

"मी कुठला आणतोय, बाई? या गाडीचा पार्ट इथे औषधालाही मिळत नाही. मास्तरांची मुलगी परदेशात असते. सात वर्षं तीच पाठवतेय. ताई तिकडच्या भंगारात सुट्टीच्या दिवशी हिंडते. एकदा तर ब्रेकचे ड्रम कुणा म्हाताऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याखाली सापडले, विटा म्हणून ठेवलेले. पत्रात लिहिलं होतं. हसून हसून आमची पुरेवाट."

"हा कशातून आला?"

"नेहमीच्या खोक्यातून. चिकटपट्टी लावलेली. वर्षातून एकदा खोकं येतं. मास्तर आणि काकू दोघं जोडीने गाडीतून येतात, काकू खोकं मांडीवर घेऊन. मी पार्ट बसवतो, ती दोघं समोर स्टुलावर बसून बघतात. मग आमचा तिघांचा फोटो, तो ताईला. लग्नातसुद्धा माझे एवढे फोटो नाहीत."

"बसवण्याआधी आत उघडून पाहिलात?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "नाही. दोन्ही टोकांना रबरी टोप्या होत्या, तयार माल होता. ताईचा माल कोण उघडणार? तपासायचं काम मास्तरांचं. ते प्रत्येक पार्ट व्हर्नियरने मोजतात, मग माझ्या हातात देतात."

"या वेळी काय माप आलं?"

"या वेळी... या वेळी मोजलंच नाही त्यांनी. सिलिंडर हातात घेतला. मागच्या बाजूला अंगठ्याच्या नखाने चाचपत राहिले. बराच वेळ. मी म्हटलं, मास्तर, काय झोप लागली का? तर म्हणाले, बसव."

"काकू काय करत होत्या?"

"बघत होत्या. मास्तरांच्या तोंडाकडे."

"गेल्या वर्षी काय आलं होतं?"

"शूच्या स्प्रिंगा. तेव्हाही मोजल्या नव्हत्या, आता आठवतंय."

"जुने पार्ट काढल्यावर तुम्ही काय करता?"

"कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात. माझ्या बापापासूनची रीत आहे. काढलेला दात आणि काढलेला पार्ट मालकाला दाखवायचा." मग हळूच विचारलं, "चावीवाला कसा आहे, बाई? माझ्या गॅरेजच्या कुलपाची चावी त्यानेच करून दिली होती."

बाईंनी खरं ते सांगितलं. मिस्त्रीने हात मांडीखालून काढले आणि त्या हातांकडे बघत राहिला.

*

मास्तरांच्या घरी काकू रुग्णालयात न्यायचे कपडे पिशवीत भरत होत्या. घड्या चुकत होत्या. त्या उलगडून पुन्हा घालत होत्या.

"बसा हो. चहा टाकते."

"नको काकू. दोन प्रश्न विचारून जाते."

खोली लहान, पण वस्तू जागच्या जागी. भिंतीवर फळी, फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे ओळीने, प्रत्येकावर चिठ्ठी: 'पुढचं उजवं', 'पुढचं डावं', 'मागचं उजवं', 'मागचं डावं'. खिडकीशी शिलाई मशीन. मशीनच्या लाकडी झाकणावर औषधांच्या बाटल्यांची रांग आणि बाटल्यांभोवती धूळ. बाजूला लांब चोचीची तेलाची कुपी. ती पुसलेली, चोचीवर ताजा थेंब.

"शिवता अजून?"

"छे. डोळ्यांना सुईचं नाकच दिसत नाही. तीन वर्षं झाली."

"मुलीला अपघाताचं कळवलंत?"

काकूंची घडी पुन्हा चुकली. "कळवलं ना. मेसेज केला. काळजी करतेय. कामात असते फार, फोनवर बोलायला सवड नसते. मेसेज येतो, मी यांना वाचून दाखवते."

"तेही वाचत असतील."

"नाही. ते म्हणतात, तूच वाच. तुझ्या तोंडून बरं वाटतं."

बाईंनी परवानगी घेऊन 'मागचं डावं' हा डबा काढला. रिकामा होता. बाकीच्या तिन्हींत काढलेले पार्ट कागदात गुंडाळून ठेवलेले होते. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, बोल्टच्या भोकाखाली, टोकदार सुईने बारीक तारीख कोरलेली. मास्तरांचं अक्षर धातूवरसुद्धा वळणदार होतं.

"यातलं काय झालं, काकू?"

"भंगारवाल्याला दिलं असेल यांनी."

"मास्तरांनी भंगार दिलं?"

काकूंनी पिशवीचे बंद आवळले. "उशीर होतोय मला. ते वाट बघत असतील."

डब्यांशेजारी मास्तरांची वही होती. बाईंनी ती सोबत घेतली, शिवाय कोपऱ्यातलं पार्सलचं खोकं. काकूंनी हरकत घेतली नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "खोकं दाबू नका हं. तिचं अक्षर आहे त्यावर."

*

कचेरीत बाईंनी वही उघडली. पाच रकाने: तारीख, पार्ट, माप, गाडीचे किलोमीटर, आणि शेवटचा 'कुठून आला'.

पहिल्या पाच वर्षांत त्या शेवटच्या रकान्यात मास्तरांनी हात सैल सोडला होता. 'ठकीकडून. खुराड्याखालून.' 'ठकीकडून. तिला सर्दी आहे असं पत्रात.' ठकी हे मुलीचं घरातलं नाव असणार. मोजक्या शब्दांचा माणूस त्या एका रकान्यात मात्र उधळा होता.

गेल्या वर्षीच्या स्प्रिंगांपुढे तो रकाना रिकामा होता. या वर्षीच्या सिलिंडरपुढेही रिकामा.

मापाचा रकाना मात्र भरलेला. २०.६८.

"हवालदार, मिस्त्री काय म्हणाला? या वेळी मोजलं नाही ना?"

"नाही म्हणाला."

"मग हा आकडा कुठून आला?"

त्या पानं मागे उलटत गेल्या. नव्या सिलिंडरचं माप प्रत्येक वेळी २०.६४. सहा वर्षांपूर्वी मागच्या डाव्या चाकातून एक काढलेला, झिजलेला. त्यापुढे लिहिलं होतं: '२०.६८. तळाशी गंजाचा खड्डा. बाद.'

बाईंनी चाकातला सिलिंडर घेतला, मागच्या बाजूला थिनरचा बोळा फिरवला. चंदेरी रंग उतरला. बोल्टच्या भोकाखाली सुईने कोरलेली तारीख वर आली. सहा वर्षांपूर्वीची.

हवालदाराने चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे यांच्याच घरातला बाद पार्ट, यांच्याच चाकात?"

"आणि मास्तरांनी नखाने चाचपून ओळखला. ओळखून बसवायला दिला."

"का पण?"

बाईंनी खोकं उजेडात धरलं. चिकटपट्टीचे दोन थर होते, एक जुना पिवळा, वर एक नवा. टपालाच्या शिक्क्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख. पाठवणारीच्या नावाखाली दूरध्वनी क्रमांक. त्यांनी तो लावला.

पुरुषाचा आवाज आला. बाईंनी ओळख सांगून मुलीला बोलवायला सांगितलं.

"ती नाहीये," आवाज म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी तिचा नवरा. आईंना माहीत आहे. बाबांना सांगू नका, प्लीज. तिच्या फोनवरून मेसेज मीच करतो. आई म्हणाल्या होत्या म्हणून. बाबांचं तेव्हा नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं."

बाईंनी फोन ठेवला. मग डबी उघडून त्या फाटक्या रबरी वाटीचा वास पुन्हा घेतला. या वेळी आठवलं. त्यांच्या आईच्या खिडकीशीही एक मशीन होतं.

*

सकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात काकू बाकावर बसल्या होत्या. बाई शेजारी जाऊन बसल्या.

"काकू, माझं काही चुकलं तर सांगा. बातमी आली तेव्हा मास्तरांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं."

काकूंनी पदर तोंडाशी नेला नाही, रडल्या नाहीत. फक्त हातातलं थर्मासचं झाकण घट्ट करत राहिल्या. ते आधीच घट्ट होतं.

"चौथा दिवस होता," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये. मी म्हटलं, महिनाभर सांगायचं नाही. मग महिन्याचे सहा झाले. मग पार्सलची तारीख जवळ आली. हे रोज दाराकडे बघायला लागले. बोलत नव्हते हो, नुसते बघत होते."

"म्हणून डबा उघडलात."

"पहिल्या वर्षी स्प्रिंगा घेतल्या. त्या चकचकीत होत्या. या वर्षी म्हटलं, काहीतरी मोठं असावं, तिने शोधून पाठवल्यासारखं. त्यातल्या त्यात देखणा होता तो घेतला. रॉकेलने धुतला. चंदेरी रंग दिला. तिच्या जुन्या खोक्यात भरला. शेजारणीला सांगितलं, दारात ठेवून बेल वाजव. मला काय कळतं त्यातलं. लोखंड ते लोखंड."

"आणि तेल?"

"मशीनचं होतं ना घरात. आतलं रबर कडक झालं होतं. मऊ राहावं म्हणून चोचीने चार थेंब घातले."

बाईंनी वहीत 'चार थेंब' एवढंच लिहिलं.

"मिस्त्रीचा काही दोष नाही," काकू म्हणाल्या. "मी काल रात्रीपासून तेच म्हणतेय स्वतःशी, जाऊन सांगून टाक. पण सांगितलं तर यांना कळणार. माणूस त्या खाटेवरून उठायचा नाही. मला आत टाका. पण यांना काही दुसरंच कारण सांगा. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला सुचेल."

"आधी मला त्यांना भेटू द्या."

*

मास्तरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये छातीवर होता. त्यांनी बाईंना बघून पहिला प्रश्न विचारला, "चावीवाला?"

"पाय गेला. जीव वाचला."

"कुठून गेला?"

"गुडघ्याखाली."

त्यांनी डोळे मिटले. कितव्या इंचावर, हे त्यांनी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नसावं.

बाईंनी खाटेवर दोन्ही सिलिंडर ठेवले, पितळेच्या नळीचा आणि रंग उतरलेला.

"मास्तर, मी सांगते, तुम्ही तपासा. गेल्या वर्षी खोक्यातून स्प्रिंगा आल्या. त्या तुमच्याच होत्या."

"एकीचा टोकाचा आकडा मीच पकडीने सरळ केला होता," मास्तर हळूच म्हणाले. "हाताचं काम माणूस विसरत नाही."

"तेव्हाच तुम्हाला कळलं की, खोकं मुलीकडून आलेलं नाही. आणि काकू असं का करतील, याचं उत्तर एकच होतं."

मास्तरांनी चादरीची सुरकुती डाव्या हाताने सपाट केली.

"या वर्षी सिलिंडर आला. तुम्ही नखाने तारीख ओळखली. बाद केलेला पार्ट. पण काकू समोर स्टुलावर बसल्या होत्या. 'बसवू नको' म्हणालात, तर 'का' हा प्रश्न येणार होता. म्हणून बसवू दिलात. वहीत माप खरं लिहिलंत. शेवटच्या रकान्यात मात्र 'ठकीकडून' लिहिणं खोटं होतं आणि 'घरातून' लिहिणं तुम्हाला जमलं नाही. तो रिकामा सोडलात."

"पुढे?"

"पुढे बॅटरी उतरली असं सांगून तुम्ही गाडी जागची हलवली नाहीत. वहीत तीन आठवडे किलोमीटर तेच. तेवढ्यात दुसऱ्या एका जुन्या सिलिंडरला लेथवाल्याकडून पितळेची नळी बसवून घेतलीत. आपल्या मिस्त्रीकडे नेला असतात, तर..."

"त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी येऊन हिला सांगितलं असतं."

"म्हणून भल्या सकाळी, काकू उठायच्या आत, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजकडे निघालात. वाईटाच्या जागी चांगला बसवायला, त्यांना न कळता. मास्तर, ब्रेक जाऊ शकतो हे ज्याला माहीत होतं असा एकच माणूस होता, आणि तोच चालवत होता. मिस्त्रीवर लिहिता येईल असं माझ्याकडे फारसं काही नाही. न उघडता बसवला, एवढंच. बाकी तुमच्यावर आहे."

"माझ्यावरच लिहा," मास्तर म्हणाले. "पाय माझ्या नावावर लिहा. मिस्त्रीला आजच्या आज सोडवा." मग विद्यार्थ्याने उत्तर चुकल्यावर विचारावं तसं विचारलं, "पण माझं गणित कुठे चुकलं? खड्डा पाव मिलिमीटरचा होता. सकाळी दहादा ब्रेक दाबून बघितला, घट्ट होता. चार किलोमीटर तो जायला हवा होता. सावकाश तर नक्कीच."

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आत शिलाई मशीनचं तेल होतं. चार थेंब. ब्रेकच्या रबराला ते चालत नाही. वाटी फुगून फाटली."

मास्तरांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग त्यांना हसू आलं आणि बरगड्यांनी ते अडवलं.

"मऊ राहावं म्हणून घातलं असेल."

"हो."

"घरातल्या प्रत्येक बिजागरीला घालते. माझा चष्मा करकरायचा, त्यालासुद्धा." त्यांनी डावा हात रंग उतरलेल्या सिलिंडरवर ठेवला. "तिला माहीत आहे का, तेलाने झालं?"

"तेल घातलं हे त्यांनी सांगितलं. त्याने काय झालं हे मी सांगितलं नाही."

"सांगू नका."

"अहवालात लिहावं लागेल, मास्तर."

"लिहा. तुमच्या भाषेत लिहा, अवघड. तिने विचारलं तर मी सांगेन, रबर म्हातारं झालं होतं."

"आणि बाकीचं? तुम्हाला माहीत होतं, हे तुमच्या जबाबात येणार. जबाब न्यायालयात मोठ्याने वाचतात. काकू बाकावर बसलेल्या असतील."

मास्तरांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंख्याच्या एका पात्याला डोलायची खोड होती. एरवी त्यांनी त्याचे फेरे मोजले असते.

"ती मेसेज वाचून दाखवते ना," ते म्हणाले, "तेव्हा ठकीच्या बोलण्याची ढब आणते. अगदी तशीच. तेवढा वेळ घरात ठकी असते. मला ते सोडवेना. हिला वाटतं, ही मला सांभाळतेय. मला वाटलं, मी हिला." त्यांनी मान वळवली. "त्यात तिसऱ्याचाच पाय गेला. बोलवा तिला."

बाई दाराशी गेल्या. काकू आत आल्या. खाटेवर ठेवलेल्या सिलिंडरवर, कोरलेल्या तारखेवर त्यांची नजर गेली, मग मास्तरांच्या तोंडाकडे. गॅरेजात बघत होत्या तशीच.

"अहो," त्या म्हणाल्या.

"गेल्या वर्षीपासून," मास्तर म्हणाले. "स्प्रिंगांवरून कळलं."

काकू खाटेच्या कडेला बसल्या. थर्मास अजून हातातच होता. तो बाईंनी काढून घेतला तेव्हा त्यांना कळलंही नाही. वर्षभर दोघं एकाच ताटलीतून बिस्किटं खात होती, एकाच घरात एकच दुःख दोन कुलपांत ठेवून.

बाईंनी वही खाटेवर ठेवली आणि निघाल्या. दाराशी मास्तरांचा आवाज आला.

"अगं, पेन घे. माझा हात चालत नाही. तो शेवटचा रकाना भर."

"काय लिहू?"

"सिलिंडरपुढे लिही, घरातून. स्प्रिंगांपुढेही तेच." कागदावर पेन खरखरलं. "आता खाली नवी ओळ घे. तारीख लिही."

"आजची?"

"आजची नव्हे गं. तिची. मला ती तारीखच माहीत नाही. वर्षभर मी कुठल्या दिवशी रडायचं ते शोधतोय."

बाईंनी दार हळूच ओढून घेतलं. व्हरांड्याच्या टोकाला मिस्त्रीच्या सुटकेचा कागद बाईंच्या सहीसाठी घेऊन हवालदार उभा होता. त्याने काही विचारायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला.

आतून काकूंनी तारीख सांगितली. सावकाश, एकेक आकडा, लिहून घेणाऱ्याला सांगावी तशी. लिहिणारीही त्याच होत्या.